कुठं, कधी

वेणू दिवाळीत आली तेव्हा लिहून गेली,
किराणा दुकानाच्या एकपानी कॅलेंडरवर, निळ्या पेननं,
जिथं आता दुधाचे खाडे मांडतो त्याच्या कडेला:
मार्च ते मे, वेरावळ.
चैत्री पौर्णिमेनंतर ऑस्ट्रेलिया, पोवळी अंडी सोडतात तेव्हा.
मालदीव बारमाही.
फिलिपिन्सवर चहा सांडलाय, महिना वाचता येत नाही.

आप्पा, मी कुठं असेन ते यावरून कळंल तुम्हाला.
व्हेल शार्क तिथं पर्यटक,
पर्यटक तिथं मी.

जिला मी गंगेत
कमरेला दोन वाळले भोपळे बांधून ढकललं होतं
ती पोरगी आता पाठीवर हवेची टाकी घेऊन
परक्या लोकांना मासा दाखवते.
(गंगा म्हणजे गोदावरी. गंगाखेडात दुसरं नाव चालत नाही.)

मासा केवढा, मी विचारलं.
चाळीस फूट.
फुटांत नको, परसांत सांग.
सात परस.
म्हणजे लोमट्यांची विहीर,
आडवी होऊन पोहत निघालेली.
तोंडात मी आडवा मावंन,
पण खातो काय, तर पाण्यातला भुगा.
माणसाकडं ढुंकत नाही.
पाठीवर पांढरे ठिपके असतात, म्हणाली,
याचे त्याला नाहीत,
त्यावरून ओळखतात, हा तोच,
दोन वर्षांमागं आलेला.

मी कशावरून ओळखतो ते तिला माहीत आहे.
करदोडा. बांगडी.
एकदा नुसता शाळेचा पट्टा.

सीझन माझाही असतो.
गणपती बुडवायचे दिवस.
पैठणहून पाणी सोडलं की पुढचा आठवडा.
दहावीचा निकाल.
बाकीच्या महिन्यांत मोटारी, बादल्या,
आणि एका नवरीचं डोरलं,
जे तीन बुड्या मारूनही गावलं नाही,
तर तीच म्हणाली, राहू द्या काका, असू द्या तिथंच.

काठावर जमादार वही उघडून बसतो.
शेवटचं कुठं दिसलं? कधी?
बोटीवर वेणूलाही सकाळपासून हेच,
नाही नाही त्या भाषांतून:
कुठं दिसंल? कधी?
ती म्हणते, सांगता येत नाही, पाण्याचं आहे.
हे वाक्य माझं आहे.
ते मी काठावरच्या आयांना म्हणतो.

परवा फोनवर विचारलं तिनं,
आप्पा, पाण्यात डोळे उघडे ठेवता का हो?
नाही.
काळ्या मातीचं पाणी, उघडून काय, मिटून काय.
चाळीस वर्षं हातानंच बघतोय.
हाताला
तोंड दिसत नाही, एवढं बरं असतं.

मग माघात
इसादच्या शिवारात हमीद पटेलांची मोटर विहिरीत गेली
म्हणून उतरलो.
पाणी निवळलेलं, हिरवं, दोन परस.
तळाला बूड टेकलं
आणि उघडले.

आधी झोंबलं.
विहिरीच्या भिंतीतून एक उंबर वाढलाय,
त्याच्या पानांतून ऊन खाली गळत होतं,
आणि माझ्या दंडावर, मांडीवर, पोटावर
पांढरे ठिपके हलत होते.
हात फिरवला तर हातावर आले.
एक बेडूक जवळून गेला,
बघितलं न बघितलं केलं,
मी तिथलाच असल्यागत.

छाती फुटायला आली तेव्हा वर आलो.
पटेल कठड्यावरून वाकलेले, तोंड पांढरं पडलेलं.
गावली का?
काय?
अहो मोटर!
मग इतका वेळ खाली करत काय होता?

दोराला लोंबकळत मी खोकत राहिलो.
खोकला बरा असतो, उत्तर द्यावं लागत नाही.

रात्री कॅलेंडर काढलं,
वेणूच्या निळ्या अक्षरांखाली
चुलीतल्या कोळशानं लिहिलं:
पटेलांची विहीर. माघ. दुपारी बारा.

मोटर दुसऱ्या दिवशी काढली.